इझाबेलबाईंच्या नाण्यावरचा थर

१. बरणी

चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेहून मंडळी परतली, तेव्हा बर्नार्डने आईकडून किल्ली घेऊन भिंतीतल्या कपाटाचे कुलूप काढले, लोणच्याची काचेची बरणी टेबलावर आणून ठेवली, चिमट्याने तळचे नाणे वर उचलले, आणि चिमटा तसाच हवेत राहिला. आदल्या संध्याकाळी सर्वांच्या देखत त्या बरणीत सोन्याचे नाणे सोडलेले होते. वर आले ते कथलाचे, राखेसारखे करडे.

प्रस्तुत हकीकत एकोणीसशे त्र्याऐंशी सालच्या जानेवारीतील आहे. नंदाखालच्या इझाबेलबाई डाबरे यांच्या घराण्यात पोर्तुगीज अमदानीतले सोन्याचे एक नाणे पिढ्यानुपिढ्या चालत आलेले होते. त्या घराची रीत अशी, की घरातून जाणारी लेक असो वा घरात येणारी सून असो, लग्नाच्या वेदीसमोर तिच्या गळ्यात ते नाणे असायचेच. आठव्या दिवशी लेकीने माहेरी येऊन, सुनेने सासूपुढे उभे राहून, ते घरच्या मोठ्या बाईच्या ओंजळीत परत करायचे. मग बाईने ते मखमली थैलीत घालून थैलीचे तोंड शिवून टाकायचे. पुढची नवरी उभी राहीपर्यंत थैली उसवायची नाही आणि नाण्याचे तोंड पाहायचे नाही.

यंदाची नवरी होती निर्मळची सालोमी. इझाबेलबाईंचा मुलगा बर्नार्ड याच्याशी तिचे लग्न ठरले होते. ती गोखिवऱ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होती. नाण्याला नवी फीत लावण्यासाठी त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात सर्वांसमोर थैली उसवली गेली, तेव्हा नाण्याची कड सोन्यासारखी लखलखत होती, परंतु दोन्ही अंगांवर काळा, कठीण थर बसलेला होता. वेदीवरच्या मेणबत्त्यांचे मेण आणि धूर आहे तो, असे इझाबेलबाई म्हणाल्या, आणि आहे तसेच गळ्यात घाल, असेही म्हणाल्या. सालोमीला ते पटेना. तिने आणि बर्नार्डने तिथेच बसून चिंच लावली, रॉकेल लावले, दवाखान्यातले स्पिरिट लावले. थर तसूभरही हलला नाही. अखेर शनिवारी तिने कारखान्यातून ॲसिटोनची बाटली आणली आणि नाणे बरणीत सोडले.

"बाटली कोणी आणली? हिने," इझाबेलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक लागत होता. "नाणं कोणाच्या हातात होतं? हिच्या. नंतर कपाटाला कुलूप पडलं आणि किल्ली माझ्या कमरेला राहिली. म्हणजे जे झालं ते कुलपाच्या आधी झालं. बरणीत सोडताना हिची मूठ कोणी उघडून पाहिली होती?"

"मी सोडलं तेव्हा त्याची कड पिवळी होती, आई," सालोमी म्हणाली.

"अजून तरी मी तुझी आई नाही."

"कड पिवळीच होती," बर्नार्ड म्हणाला. "मी पाहिली."

"तुला सध्या ही दाखवेल ते दिसतं."

लग्नाच्या जेवणाची बोलणी करण्यास आलेले सालोमीचे मामा, निकोलस तुस्कानो, हे सर्व दाराशी उभे राहून ऐकत होते. वडिलांच्या पश्चात त्यांनीच तिला वाढवले होते. चर्चमध्ये तीन रविवारी लग्नाच्या तीन घोषणा झाल्याशिवाय लग्न लागत नसे, त्यांपैकी दोन झाल्या होत्या. तिसरी येत्या रविवारी होती.

"व्याही," इझाबेलबाई त्यांच्याकडे वळल्या, "नाणं घेऊन या. नाही तर तिसरी घोषणा होणार नाही. शनिवारी संध्याकाळी मी फादरांकडे जाईन."

२. खरवडलेली कड

निकोलसमामांची उभी नोकरी मुंबईच्या गोदीत, कस्टम खात्यात गेली होती. सोने चोरून आणणाऱ्यांच्या तऱ्हा त्यांना तोंडपाठ होत्या. सोन्याच्या कांबीला काळा रंग देऊन ती जहाजाच्या लोखंडी गजात मिसळणारे त्यांनी पाहिले होते. सोन्याची बिजागरी करून पेटीला ठोकणारेही पाहिले होते. साहजिकच त्यांच्या मनाने तोच रस्ता धरला. नाणे बदललेलेच नसेल. सोन्यावर कोणीतरी करडा रंग चढवला असेल.

मोठ्या ऐटीत त्यांनी खिशातला चाकू काढून नाण्याची कड खरवडली. आत पांढरट. आणखी खरवडली. तरीही पांढरट. कड अर्धी झिजवूनही सोन्याचा लवलेश दिसेना.

"झालं समाधान?" इझाबेलबाईंचे धाकटे दीर सिप्रियन पलीकडच्या बाकावरून म्हणाले. हे सिप्रियन गावच्या ब्रास बँडात कॉर्नेट वाजवीत आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत राहत. "अजून थोडं खरवडलंत तर पुरावाच उरणार नाही."

मामांना कमालीचा वैताग आला. ज्या खात्यात भलेभले त्यांच्यासमोर घामाघूम होत, त्या खात्याची अब्रू एका कथलाच्या तुकड्याने घालवली होती.

"काल संध्याकाळी घरात कोण कोण होतं?" त्यांनी विचारले.

"मी, वैनी, बर्नार्ड, तुमची भाची," सिप्रियन म्हणाले. "आणि आगाशीचे विद्याधर चुरी. आहेराचं विचारायला आले होते, पण डोळे बरणीवरच होते. त्यांना जुन्या नाण्यांचं वेड आहे."

"बर्नार्डला एक बहीण आहे ना?"

क्लेमेंटीन हे नाव त्या घरात घेतले जात नसे. सात-आठ वर्षांपूर्वी ती चंदनसारच्या जयरामशी, एका हिंदू एस.टी. कंडक्टरशी, लग्न करून गेली होती. आणि इझाबेलबाईंनी फाटकात उभे राहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, ती आपल्याला मेली असे जाहीर केले होते. तिचे वडील पास्कोल पुढे वारले, तेव्हादेखील तिला फाटक उघडले गेले नाही.

"ती काल नव्हती," इझाबेलबाई म्हणाल्या, आणि बरणी उचलून मागच्या वाडीकडे चालू लागल्या.

"कुठं नेता, विहीणबाई?"

"केळीच्या बुंध्यात ओतते. घरात वास नको."

"केळ मरेल," मामा म्हणाले आणि त्यांनी बरणी हातातून काढून घेतली. ती आपण का घेतली, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते. आतला द्रव पातळ तुपासारखा पिवळसर झाला होता आणि तळाशी काळा गाळ बसला होता.

३. डबाभर नाणी

विद्याधर चुरी यांची आगाशीला केळीची वाडी होती. ते ओसरीवर बसून पानाला चुना लावीत होते.

"या, कस्टमवाले," ते म्हणाले. "माझ्या घरात चोरटा माल सापडला तर अर्धा मला ठेवा."

"माल तुम्हीच दाखवा," मामा रुक्षपणे म्हणाले आणि करडे नाणे पुढे केले.

विद्याधरांनी ते उन्हात धरले, फिरवले, आणि खरवडलेली कड पाहून त्यांच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. "हे कोणी केलं?"

"मी."

"तुम्हाला पेन्शन दिलं ते सरकारने बरं केलं." त्यांनी आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि मामांच्या पुढ्यात ओतला. तशीच कथलाची नाणी खणखणत पसरली. "आमच्या वाडीत आळी खणताना निघतात. ह्यांना कोणी विचारत नाही. मागेल त्याला मी देतो."

"कोणी मागितलं होतं?"

"पोरंटोरं मागतात. एकदा सिप्रियनने नेलं. गळाला वजन बांधायला हवं म्हणाला. ह्याला झाली बरीच वर्षं."

"डाबऱ्यांचं सोन्याचं नाणं तुम्ही पाहिलं होतंत?"

"पास्कोलच्या लग्नात पाहिलं. त्यावर एक संत उभा आहे, हातात काठी. तेव्हा लख्ख होतं. ते मिळावं म्हणून मी पास्कोलच्या किती मागं लागलो, सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून माझ्यावर संशय घ्या, माझी हरकत नाही. पण मी चोरलं असतं तर सोन्याच्या जागी माझ्याच डब्यातलं नाणं कशाला ठेवीन? सही करून ठेवल्यासारखंच झालं की ते."

मामांना हे पटले, आणि पटल्यामुळे ते अधिकच चिडले. एक संशयित हातचा गेला होता.

"तुमच्या भाचीला एक सांगा," विद्याधर निरोप देताना म्हणाले. "जुनी नाणी धुणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. पण धुवायचंच तर तिनं धरलं ते औषध बरोबर होतं. ॲसिटोन सोन्याला काही करत नाही. कथलालाही करत नाही. वरून चढलेलं जे असतं तेवढंच काढतं."

मामा फाटकापर्यंत गेले आणि थबकले. वरून चढलेलं जे असतं तेवढंच. मग बरणीतला द्रव पिवळा का झाला होता?

४. बशीतली साय

घरी येताच त्यांनी बरणीतला द्रव ढवळून थोडा पांढऱ्या बशीत ओतला आणि बशी खिडकीत ठेवली. ॲसिटोन बघता बघता उडून गेले. बशीत जे राहिले ते पाहून त्यांनी सालोमीला हाक मारली.

बशीच्या तळाला दुधावरच्या सायीसारखी एक पातळ कातडी धरली होती. नखाने उचलली तर सलग निघाली. उजेडात धरली तर ती सोनेरी दिसली, पारदर्शक सोनेरी. आणि तिच्यात काजळाचे कण जागोजागी अडकलेले होते.

"हे वॉर्निश आहे, मामा," सालोमी म्हणाली. बोलताना तिचा चेहरा उतरत गेला. "सोनेरी वॉर्निश. कथलाचं नाणं घासून चकचकीत करायचं आणि वर हे चढवायचं, म्हणजे सोनंच वाटतं."

"मग रॉकेलने का निघालं नाही?"

"रॉकेलने मेण सुटतं, तेलाचा रंग सुटतो. स्पिरिटने लाख सुटते. हे दोन्हींना दाद देत नाही. हे सेल्युलोजचं आहे, ह्याला ॲसिटोनच लागतं." ती थांबली. "हे कोणाला दाखवू नका."

"का म्हणून? तू टाकलंस तेव्हा कड पिवळी का दिसली, ते ह्यानेच सिद्ध होतं."

"मी कुठं नोकरी करते, मामा? रंगाच्या कारखान्यात. त्या म्हणतील, पोरीनं कथलाला सोनेरी रंग कारखान्यातच दिला, आणि तेच नाणं आणून बरणीत सोडलं."

गोदीत मामांना सोन्याला लोखंडाचा वेष देणारे भेटले. कथलाला सोन्याचा वेष देणारा त्यांच्या नोकरीत एकही भेटला नव्हता, आणि जो भेटला त्याचे बोट त्यांच्याच भाचीकडे होते. दिवसभराच्या पायपिटीचे फळ म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यासाठी फास वळून आणला होता.

"बर्नार्ड काय म्हणतो?" त्यांनी विचारले.

"तो म्हणतो, घोषणा झाली नाही तर आपण कोर्टात लग्न करू. मी नाही म्हटलं." तिने ती सोनेरी कातडी बशीत परत ठेवली. "त्या घरातून आधी एकजण तशी गेली आहे. मला चोरीचं नाव घेऊन तशी जायचं नाही. मला दारातून आत जायचंय."

५. कॉर्नेट

दोन दिवस मामा नुसते येरझारा घालीत राहिले. बायको जेवायला वाढी, ते भात चिवडीत. कोणी विचारलेच, तर फाडून खाल्ल्यासारखे उत्तर देत. तिसऱ्या दिवशी पाय नेतील तिकडे जाता जाता ते चर्चमागच्या पत्र्याच्या शेडपाशी पोहोचले. आत बँडची तालीम सुटली होती. वाजवणारी मंडळी चिंच आणि राख घेऊन आपापली वाद्ये घासत बसली होती. समुद्राच्या हवेने पितळ दर आठवड्याला काळवंडते, आणि लग्नसराई तोंडावर आली होती.

सिप्रियन मात्र घासत नव्हते. त्यांचा कॉर्नेट मांडीवर लखलखत होता.

"तुमच्या वाद्याला चिंच लागत नाही वाटतं," मामा म्हणाले.

"वॉर्निश मारून घेतो त्याला. मुंबईहून डबी आणतो."

मामांनी कॉर्नेट हातात घेतला. जिथे अंगठा टेकतो, त्या जागी सोनेरी साय सुटून आली होती. त्यांनी नखाने तिचे टोक उचलले. पातळ, सलग, पारदर्शक. बशीतली तीच.

"सोलू नका हो," सिप्रियन म्हणाले.

"गळाला मासे चांगले लागतात का, सिप्रियनभाऊ?"

"कसले मासे? मला होडीत पाय ठेवला की उलटी होते. गळ मी जन्मात धरला नाही."

"मग विद्याधरांकडून गळाचं वजन कोणासाठी नेलंत?"

शेजारी राख घासणाऱ्यांचे हात थांबले. सिप्रियनांनी कॉर्नेट मामांच्या हातातून हलकेच काढून घेतला आणि त्यांना शेडबाहेर क्रुसापाशी आणले.

"निकोलसभाऊ, तुम्ही मला चोर म्हणा. गावात सांगा. मी नाही म्हणणार नाही. पण ह्याच क्रुसावर हात ठेवून मी शपथ घेतलेली आहे. ती मोडायला सांगू नका."

"माझ्या भाचीचं आयुष्य मोडतंय, ते चालतं?"

"मला रात्रंदिवस तेच खातंय," सिप्रियन म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण शपथ मी ज्यांना दिली, त्यांनीच ती सोडवायला हवी."

ते वळले आणि शेडमध्ये गेले. क्षणभराने आतून कॉर्नेटचा सूर आला. लग्नात नवरी वेदीकडे चालते तेव्हा वाजवतात तो. तो अर्ध्यावर तुटला.

मामा क्रुसाच्या कट्ट्यावर बसून राहिले. राग कोणावर काढावा हेच कळत नव्हते. रंगारी सापडला होता, आणि तो एक शब्द बोलणार नव्हता. बरे, सिप्रियनांनी सोने विकून खाल्ले म्हणावे, तर त्यांच्या सदऱ्याला ठिगळ होते. शिवाय थैली इझाबेलबाईंच्या पेटीत, तिचे तोंड इझाबेलबाईंच्या टाक्याने शिवलेले. त्यांच्या हाताशिवाय आत काही जाणे शक्य नव्हते आणि बाहेर काही येणेही शक्य नव्हते.

ते सोने घराबाहेर जाते तरी केव्हा? जाते ते फक्त नवरीच्या गळ्यात.

आणि त्या घरातून बाहेर गेलेली शेवटची नवरी कोण होती, हे ध्यानात येताच मामा उठले.

६. आठवा दिवस

चंदनसारला जयरामच्या ओटीवर त्याची आई अनसूयाबाई तांदूळ निवडत होत्या. पाहुण्यांचे गाव ऐकताच त्यांनी सूप बाजूला सारले.

"नंदाखालहून? क्लेमेंटीन, तुझ्या माहेरचं कोणी आलंय गं. इतक्या वर्षांत पहिलं माणूस."

आतून आलेली बाई कपाळाला कुंकू लावून होती, आणि तिच्या गळ्यात लहानसा क्रूस होता. मामांनी कशासाठी आलो ते थोडक्यात सांगितले. क्लेमेंटीन ऐकत राहिली. सालोमीवर चोरीचा आळ आल्याचे ऐकताच ती आत गेली. ती परत येण्याआधीच अनसूयाबाई बोलू लागल्या.

"आमच्या देवघरात असतं ते. सुनेच्या माहेरची लक्ष्मी. दर दिवाळीला मी हळदकुंकू वाहते त्याला. ती एकदा म्हणाली, आमच्यात असं करत नाहीत. मी म्हटलं, तुमच्यात नसतील करत. आपल्या घरात आलेल्या सोन्याला कोरडं कसं ठेवायचं?"

क्लेमेंटीनच्या तळहातावर ते नाणे होते. काठी धरलेला संत त्यावर उभा होता, आणि त्याच्या पायापासून काठीच्या टोकापर्यंत प्रत्येक खाचेत लालपिवळे हळदकुंकू दाटून बसले होते.

"मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी सिप्रियनकाका एस.टी.च्या थांब्यावर आले," ती म्हणाली. "आईने पाठवलंय म्हणाले. फाटकात ती मला मेली म्हणाली ना, त्याच्या आधीच हे माझ्या पिशवीत होतं, मामा. पप्पांना कळलं असतं तर त्यांनी तिला घराबाहेर काढलं असतं."

"मग परत का दिलं नाहीस?"

"आठव्या दिवशी गेले होते. फाटकाला कुलूप होतं. तिनेच लावलेलं."

"काकांच्या हाती द्यायचं."

"ते आपल्या हाताने तिच्या ओंजळीत द्यायचं असतं. मधल्या माणसाकडून दिलं तर ते परत दिलं असं होत नाही. हे आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"आता चल माझ्याबरोबर."

"तिने बोलावल्याशिवाय नाही."

"मग नाणं तरी दे. सालोमीला त्यानेच सोडवता येईल."

तिने मूठ मिटली. तिला फार जड जात होते, हे दिसत होते. "दिलं, तर मी ते परत केलं असं होत नाही, आणि पुन्हा त्या दारात जायला मला काहीच उरत नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

सोने मामांच्या हातापासून वीतभर अंतरावर होते, आणि ते रिकाम्या हाताने विरारच्या बसथांब्याकडे चालू लागले. बस त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली.

७. टाका

शनिवारी संध्याकाळी इझाबेलबाई फादरांकडे जाण्यासाठी लुगडे बदलून तयार बसल्या होत्या. बर्नार्ड आणि सिप्रियन होते. सालोमी दाराशी उभी होती. विद्याधर चुरी यांनाही मामांनी बोलावले होते. टेबलावर मामांनी बशी ठेवली, आणि बशीत ती सोनेरी कातडी.

"नाणं आणलंत?" इझाबेलबाईंनी विचारले.

"नाही. पण सालोमीने ते घेतलं नाही, हे सांगतो. आधी ऐका, मग फादरांकडे जा." मामांनी कातडी उचलून उजेडात धरली. "हे बरणीतल्या पाण्यातून निघालं. सोनेरी वॉर्निश. बरणीत पडलं तेव्हाच नाणं कथलाचं होतं, वर हे चढवलेलं होतं. ॲसिटोनने सोनं पळवलं नाही, सोन्याचं सोंग उतरवलं."

"म्हणजे हिनेच रंग देऊन आणलं. कारखाना हिचाच," इझाबेलबाई म्हणाल्या.

"असंच मलाही वाटलं होतं, आणि मी दोन दिवस जेवलो नाही. पण हे काळे कण बघा. काजळ आहे. तो काळा थर आणि हा सोनेरी मुलामा, दोन्ही एकाच वॉर्निशचे, एकाच हाताचे. काठीवाला संत नाही हे कोणाला दिसू नये, म्हणून दोन्ही अंगांवर काजळ कालवून फासलं आणि कड तेवढी सोनेरी ठेवली. बर्नार्ड, तो काळा थर तू पहिल्यांदा केव्हा पाहिलास?"

"थैली उसवली तेव्हा," बर्नार्ड सावकाश म्हणाला. "सगळ्यांसमोर. सालोमीने तोवर हातही लावला नव्हता."

"रॉकेलने हलला नाही, स्पिरिटने हलला नाही. मेण असतं तर रॉकेलने सुटलं असतं. म्हणजे बरणीत सुटला तोच थर थैलीतही होता. नाणं शनिवारी बदललेलं नाही. थैलीचं तोंड शिवलं गेलं, त्याच्या आधी बदललेलं आहे. काही वर्षांपूर्वी."

विद्याधरांनी हळूच मान डोलावली. सिप्रियन जमिनीकडे पाहत होते.

"आणि थैली कोणी शिवली होती?" बर्नार्डने विचारले.

मामांनी कातडी बशीत ठेवली.

"ह्यापुढचं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "ते माझं नाही. सालोमी सुटली, माझं काम संपलं. विहीणबाई, एवढंच म्हणतो, की नाणं हरवलेलं नाही. जिथं गेलं तिथं त्याला कोणी कोरडं ठेवलं नाही."

इझाबेलबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, म्हणजे आता त्या कुठे जाणार नव्हत्या.

"पास्कोल म्हणाला होता, तिच्या अंगावर ह्या घरचा दोरासुद्धा जाता कामा नये," त्या म्हणाल्या. "मी हो म्हटलं. पण ह्या घरातली लेक नाण्याशिवाय कशी उभी राहील? वेदी असो नाही तर आणखी काही असो. मला वाटलं, आठव्या दिवशी येईल ती आणून देईल. विसरलेच, की फाटकाचं कुलूप मीच लावलंय." त्यांनी सालोमीकडे पाहिले. "पोरी, मी तुझं नाव घेतलं, कारण तिचं घेता येत नव्हतं. तुला हे माफ करता आलं तर कर. नाही करता आलं, तरी मी फादरांकडे जाणार नाही."

सालोमी दारातून आत आली आणि बर्नार्डच्या शेजारी बसली.

"सिप्रियन," इझाबेलबाई म्हणाल्या, "तुझी शपथ सुटली. उद्या सकाळी चंदनसारला जा. तिला म्हणावं, आठवा दिवस आलाय. आणि तिच्या सासूलाही घेऊन ये म्हणावं."

रविवारी तिसरी घोषणा झाली. दुपारी फाटक सताड उघडे होते. क्लेमेंटीन आत आली, आईसमोर उभी राहिली, आणि नाणे तिच्या ओंजळीत ठेवले. अनसूयाबाई तोवर व्हरांड्यातल्या नारळांकडे पाहून भाव विचारीत होत्या.

इझाबेलबाईंनी चष्मा लावला. संताच्या झग्याच्या चुण्यांत, काठीच्या गाठींत, कडेच्या अक्षरांत कुंकू घट्ट बसलेले होते. त्यांनी अंगठ्याने पुसून पाहिले; वर्षानुवर्षांचे होते ते, जागचे हलले नाही. सालोमीच्या हातात फीत आणि सुई होती. तिचे डोळे आपोआप कपाटातल्या बाटलीकडे गेले.

"हे कशाने निघतं?" इझाबेलबाईंनी विचारले.

"ह्याला काही लागणार नाही," सालोमी म्हणाली. "थोडा वेळ साबणाच्या पाण्यात ठेवलं तरी सुटेल."

इझाबेलबाईंनी नाणे तिच्या हातात दिले.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "अशीच फीत लाव."